चादरीखालचा जिना

बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. लेकरं खांद्यावर, म्हाताऱ्या पुढे, आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. आमच्या खालच्या खाचरातलं जादा पाणी ज्या मोरीतून नाल्यात पडतं, तिथे बाहेरच्या बाजूला गावात नव्यानं आलेल्या मासेबाबानं काळी चादर ताणली होती. चादरीआड काय चाललं होतं ते दिसत नव्हतं. मात्र आतल्या बाजूला एकेक मासा सळसळत भातात शिरत होता.

"पाहा!" मासेबाबा हात उंचावून ओरडला. "आमच्या फुंकरीनं मासा हवेत चालतो! चादर उचलाल तर डोळे जातील!"

लोकांनी डोळे जपले. अक्कल आधीच गहाण टाकलेली, तिचं काय जपायचं?

पूर्वी आमच्याकडे फुंकर लागत नव्हती. खाचरं भरली की नाल्यातले मासे वाहत्या पाण्यावर उलटे चढून आत यायचे, अंडी घालायचे. चढणीचे मासे म्हणायचो आम्ही त्यांना. मग नाला खोल खणला. पाणी झटक्यात निघतं म्हणून गाव खूश. मोरी मात्र नाल्यापासून कमरेइतकी उंच लटकत राहिली, आणि मासे बंद झाले. नेमकी त्याच वर्षी आमच्या घरात सून आली. झालं! खणलेला नाला कुणाला दिसला नाही, सून तेवढी दिसली. पांढऱ्या पायाची!

बाबानं आता त्यावर शिक्का मारला. "सगळ्या खाचरांत मासे हवेत ना? मग हिला आजच माहेरी धाडा. कायमची! आणि हिची सावली पडलेलं हे खाचर शुद्धीसाठी आमच्या मठाला द्या."

"महाराज," मी म्हणालो, "तिची सावली आत्ता तुमच्यावरही पडली आहे. तुम्हाला कुणाला देऊ?"

लोक हसले. पण हसून झाल्यावर पुन्हा तिच्याकडेच वळले.

"आजोबा, चेष्टा पुरे," शेजारच्या काकू म्हणाल्या. "तिचं बोचकं बांधा. साऱ्या गावाच्या पोटाचा प्रश्न आहे."

माझा मुलगा पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत उभा होता. बायकोकडे बघायची त्याची छाती होईना.

"मामंजी, जरा सरका," सून म्हणाली. "मी तशीही अवदसाच. आंधळी झाले तर गावाचं काय जातंय?"

आणि तिनं चादर ओढली.

खाली निघाली लाकडाची एक लांब उतरती पन्हळ, मोरीपासून थेट नाल्यापर्यंत. तिच्यात आडव्या फळ्या ठोकलेल्या. प्रत्येक फळीमागे थोडं पाणी साचलेलं. मासा एका डबक्यातून वरच्या डबक्यात उडी मारी, दम खाई, पुन्हा उडी मारी. एखाद्या म्हातारीनं जिना चढावा तसा.

"दिसतंय ना गं तुला?" काकूंनी घाबरून विचारलं.

"दिसतंय की. तुमच्या नाकावरची माशीसुद्धा."

"पाप! पाप!" बाबा गरजला. "मंत्र उतरला! आता एकही मासा चढणार नाही!"

तेवढ्यात एका माशानं अशी उडी मारली की बाबाची कफनी भिजली.

आता मुलाला कंठ फुटला. तो पन्हळीत वाकला आणि मधल्या दोन फळ्या उपटल्या. मासे तिथवर आले, धडपडले, खाली घसरले. "फुंका महाराज!" तो म्हणाला. बाबानं गाल फुटेस्तोवर फुंकलं. एक मासा हलेल तर शपथ. मुलानं फळ्या परत बसवल्या, आणि मासे चढू लागले.

बाबाचा चेला हळूच म्हणाला, "महाराज आधी कालव्याच्या कामावर सुतार होते. तिथे माशांसाठी असेच जिने करायचे."

काय म्हणावं या माणसाला! सुतार म्हणून आला असता तर गावानं त्याला पाट मांडून जेवू घातलं असतं. हातात खरी विद्या होती, आणि ती चादरीखाली झाकून हा फुंकर विकत बसला. पण त्याला एकट्याला काय हसू? फुंकरीला गिऱ्हाईक आम्हीच होतो. बाबांनो, कुणी "बघू नका" म्हटलं की आधी तिथेच बघा. आणि घरात काही बिघडलं तर नवी आलेली पोर शोधण्याआधी नाला किती खोल खणलाय ते शोधा.

बाबा कफनी पिळत निघून गेला. काकू मात्र रेंगाळल्या.

"सूनबाई, आमच्या मोरीला गं किती फळ्या लागतील?"

सुनेनं चादरीची घडी घातली. "मोजून सांगते काकू. पण आधी तुम्ही सांगा, माझं बोचकं बांधायचं की सोडायचं?"

काकूंनी पदर खोचला. "चल, फळ्या धरू लागते," म्हणाल्या, आणि पुढे झाल्या.