ज्याचा पक्षी, त्यानं शोधावा

पतंगाच्या बाबतीत मला कोणी अक्कल शिकवलेली खपत नाही. खपत नसे, असं म्हणायला हवं. गिरगावात आमच्या चाळीच्या गच्चीवर मी दोन्ही हातांची बोटं कापून घेऊन ही विद्या शिकलो होतो. त्यामुळे शारजात ड्राफ्ट्समनच्या नोकरीवर येऊन सहा वर्षं झाली, तरी जानेवारी लागला की माझी बोटं वळवळायला लागत. तिथल्या रोल्ला भागात आमच्या बिल्डिंगच्या गच्चीला कायमचं कुलूप होतं. वॉचमनशी तीन वर्षं भांडून झाल्यावर मी वाळवंटाचा रस्ता धरला.

पंचाण्णव सालची ही गोष्ट. संक्रांत शनिवारी होती, म्हणून आम्ही आदल्या दिवशी, शुक्रवारी निघालो. मी, माझी बायको शोभना, अकरा वर्षांची अस्मिता, आणि आपली गाडी घेऊन ऑफिसातला संजय. संजय दादरचा, म्हणजे पतंगातला माझा पिढीजात शत्रू. मांजा मी मुंबईहून आणला होता, काचेचा, गुलाबी. बॅगेत शोभनाच्या तिळगुळाच्या डब्याखाली दडवून.

धैदच्या रस्त्यावरून आत वळलं की एक सपाट, कडक माळ होता. त्याच्या पलीकडे वाळूचा उंचवटा आणि उंचवट्यावर चार-पाच घाफची झाडं. घाफ म्हणजे आपली शमीच. शोभना पहिल्यांदा पाहूनच म्हणाली, की चला, दसऱ्याची सोय झाली. कुंपण नाही, पाटी नाही, कोणाची मालकी नाही. अशी जागा मुंबईच्या माणसाला मिळाली की तो पहिल्यांदा सतरंजी पसरतो. आम्हीही पसरली.

तासाभरानं माझ्या लक्षात आलं, की दूर तीनेकशे मीटरवर एक जुना पिकअप उभा आहे. इंजिन बंद, आत एक म्हातारा. हलत नाही, उतरत नाही, नुसता बघतोय. संजय म्हणाला, सीआयडी असेल. शोभना म्हणाली, आवरा आता. माझं डोकं फिरलं. आपण काही चोरी करत नाही, मग घाबरायचं का? तरातरा चालत गेलो आणि हिंदीत विचारलं, आमचं काही चुकलं का?

म्हातारा खाली उतरला. त्याच्या डाव्या मुठीवर जाड चामड्याचा हातमोजा होता आणि हातमोज्यावर डोळे झाकणारी टोपी घातलेला ससाणा. त्यानं मला सलाम केला, घरच्यांची खुशाली विचारली आणि मग म्हणाला, "तुम पहले आया. तुम उड़ाओ. तुम्हारा खलास, फिर मैं."

माझा सगळा ताव उतरला. हा माणूस एक तास उन्हात थांबला होता, कारण आमचा नंबर आधी होता.

त्याचं नाव खल्फान. तरुणपणी गलबतावरून मुंबईला येऊन भेंडीबाजारात राहिलेला, म्हणून हिंदी बोलायचा. त्यानंच मग मला तिथली रीत सांगितली. शिकार तेव्हाही बंदच होती, पण ससाणे शिकवायला, उडवायला लोक यायचे. माळ सगळ्यांचा, त्यामुळे जो आधी आला तो आधी उडवणार. दुसऱ्यानं लांब थांबायचं. पहिल्याचं झालं की त्यानं डोक्याचा रुमाल काढून वर धरायचा, म्हणजे ये. दोन पक्षी एकदम आकाशात नकोत, ते एकमेकांना फाडतात. मी म्हटलं, आमच्यात तर त्याचीच मजा असते. काटाकाटीबद्दल समजावलं, तेव्हा तो खूप हसला. म्हणाला, म्हणजे तुम्हीही शिकारीच.

मग तो आमच्या सतरंजीशेजारी येऊन बसला आणि थर्मासमधून कॉफी ओतू लागला. एका हातानं पतंग सांभाळत मी कप रिकामा करायचो, तो भरायचा. नको म्हणायला लाज वाटायची. सातव्या कपाला त्यानंच हसत दाखवलं, की पुरे असेल तर कप असा हलवायचा. अस्मिता त्याला लगेच चाचा म्हणू लागली, मग आम्हीही. त्याच्या ससाण्यावरून ती नजर काढत नव्हती. त्याचं नाव बर्क, म्हणजे वीज. चार हिवाळे त्याच्यामागे घातले होते. हा माझा शेवटचा, असं खल्फानचाचा सहज बोलून गेले. नवा पक्षी हाताळायचा तर आठवडेच्या आठवडे त्याला मुठीवर घेऊन जागावं लागतं, आणि आता ते होणार नव्हतं.

तेवढ्यात संजयनं माझा पतंग कापला. बोलण्याच्या नादात माझं लक्ष नव्हतं, हे मी त्याला अजून सांगतो. दोनशे फूट मांजा घेऊन पतंग डोलत डोलत गेला आणि उंचवट्यावरच्या घाफला अडकला. खल्फानचाचा चटकन उठले, कपडे झटकले आणि पिकअपकडे चालू लागले. मी विचारलं, कुठे?

"तुम्हारा परिंदा गया न. चलो."

आणि इथे मी उचलली जीभ लावली टाळ्याला. मोठ्या ऐटीत सांगितलं, की आमच्याकडे कटलेल्या पतंगाचा मालक त्याच्यामागे जात नाही. ते कमीपणाचं असतं. ज्याला मिळाला त्याचा.

म्हाताऱ्यानं झाडाकडे बोट दाखवलं. "और किसी को नहीं मिला तो?"

"तो पेड़ का," मी म्हणालो, आणि संजय व मी खो खो हसलो.

अस्मिता म्हणाली, "बाबा, वी कॅन सी इट. इट्स जस्ट देअर." शोभनाही म्हणाली, अहो, दिसतोय तर काढून आणा. मी आणला नाही. गिरगावातल्या कोणी तिथे मला पाहिलं असतं असं नाही. पण चाळीस वर्षांचा माणूस कटलेल्या पतंगामागे धावतो, हे माझं मलाच बघवलं नसतं. खल्फानचाचा परत येऊन सतरंजीशेजारी बसले. पाहुण्याला चुकीचं ठरवणं त्यांच्या रीतीत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही तिघंच गेलो. या वेळी ते आधी आले होते. मी शहाण्यासारखी गाडी लांब थांबवली, त्यांनी लगेच रुमाल वर केला. शोभनानं त्यांना तिळगूळ दिला आणि गोड बोलायला सांगितलं. त्यांनी लाडू कपाळाला लावून खाल्ला, एक नातवासाठी खिशात ठेवला. मग बर्कची टोपी काढली आणि एक कबुतर सोडलं.

असं उडणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. अस्मितानं माझा हात घट्ट धरला होता. कबुतर उंचवट्याच्या दिशेनं खाली गेलं, बर्क त्याच्यामागे गेला आणि दोघंही पलीकडे दिसेनासे झाले. खल्फानचाचा वाट पाहत उभे राहिले. मग पिसांचं आमिष दोरीला बांधून डोक्याभोवती फिरवू लागले. मग हाका मारू लागले. ससाण्याच्या शेपटीला बांधायचं यंत्र तेव्हा निघालं होतं, पण त्यांना ती पक्ष्यावर अविश्वास दाखवल्यासारखी गोष्ट वाटायची.

अर्धा तास गेला. बोलावल्याशिवाय कोणाच्या अडचणीत डोकावू नये, ही आपली मुंबईची सभ्यता. मी शोभनाला हळूच म्हटलं, की म्हातारा काळजीत आहे, आपण मध्ये मध्ये नको करायला. अस्मिताची टेस्टही होती. आम्ही आवाज न करता सतरंजी गुंडाळली आणि निघालो. जाताना मी हात हलवला. त्यांनी हाका थांबवून आमच्या गाडीकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. आरशात मला ते दिसत होते. मला वाटलं, निरोप देतायत.

तिसऱ्या शुक्रवारी मी मुद्दाम लवकर गेलो, एकटाच. बर्क सापडला का, हे विचारायचं होतं. पिकअप उभा होता. मी थांबायच्या आतच रुमाल वर गेला.

सतरंजी पसरलेली, थर्मास, दोन कप. हातमोजा पिकअपच्या बॉनेटवर पडलेला. त्यांनी घरच्यांची खुशाली विचारली, बच्चीची टेस्ट कशी गेली तेही विचारलं. पहिला कप माझ्या हातात दिला आणि मग बाजूची एक काठी पुढे केली. खजुराच्या फांदीची काठी, तासून गुळगुळीत केलेली. तिच्यावर माझा गुलाबी मांजा गुंडाळला होता, एकही गाठ नाही, गुंता नाही. कुठल्याही फिरकीवर मी इतका नीट गुंडाळला नसता.

"तुम्हारी अमानत," ते म्हणाले.

मी आभार मानायला तोंड उघडलं आणि त्यांचे हात पाहिले. दहाही बोटांवर चिरा होत्या. मांज्याचा मधला हातभर भाग काळा पडला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला काही विचारावं लागलं नाही. तरी विचारलं, "बर्क?"

त्यांनी उंचवट्यावरच्या झाडाकडे मान वळवली. अंधार पडेपर्यंत ते पायी हिंडले होते. सकाळी सापडला. पंखाला आणि पायाला दोरा होता, जितका ओढला तितका आत गेला होता. जिवंत होता अजून. त्यांच्या हातात येऊन मग गेला. हे सगळं त्यांनी हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तशा आवाजात सांगितलं.

मी म्हणालो, की चूक माझी आहे. मला शिव्या द्या.

त्यांनी मान हलवली. "ग़लती मेरी है. उसी दिन निकाल देना था. लेकिन दूसरे शिकारी की चीज़ को हाथ कैसे लगाऊँ? मुझे लगा, तुम अभी बोलता है, फिर आएगा. अपना परिंदा कौन छोड़ता है?"

शेजारच्याचा पक्षी हरवला तर आपला बांधून ठेवायचा आणि तो सापडेपर्यंत माळ सोडायचा नाही, ही रीतही मला त्या दिवशी कळली. त्यांनी आपणहून सांगितली नाही. मीच विचारलं, की गेल्या शुक्रवारी आम्ही थांबायला हवं होतं का? कप पुसत पुसत त्यांनी मग ती सांगितली. चार माणसांच्या आठ डोळ्यांना तो कदाचित दिवसाउजेडी दिसला असता, असं काही ते म्हणाले नाहीत. मीच म्हणतो, गेली कित्येक वर्षं.

त्यांनी दुसरा कप भरायला थर्मास उचलला. मी कप हलवला. आता मला ते येत होतं.

घरी येऊन शोभनाला सांगितलं. ती ओट्याशी उभी होती, गॅस बंद करून माझ्याकडे वळली. दसऱ्याला आपण शमीला नमस्कार करतो. तिच्यावर शस्त्रं ठेवायची जुनी रीत आहे, पण ठेवणारे ती उतरवायला परत जातात, एवढंच ती म्हणाली. अस्मिता दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिनं मला त्या दिवशी सांगितलं होतं, हे तिलाही आठवत होतं आणि मलाही.

खल्फानचाचा पुन्हा त्या माळावर आले नाहीत. रमजान आला, ईद झाली, मी दर शुक्रवारी जायचो. उंचवट्यावरची सगळी झाडं मी काट्यांतून हात घालून तपासली. तीन ठिकाणी अजून माझा दोरा निघाला. त्यांचं गाव विचारलं नव्हतं, पूर्ण नावही नाही. सात कप कॉफी पिऊन मी फक्त माझ्या पतंगाबद्दल बोललो होतो.

पुढच्या संक्रांतीला अस्मितानं स्वतःहून विषय काढला. आम्ही साधा सुती दोरा घेतला आणि गेलो. माळावर कोणी नव्हतं. वारा जोराचा होता, अर्ध्या तासात दोरा तुटला आणि पतंग उंचवट्यापलीकडे गेला.

मी धावलो. पोट सुटलेलं, चप्पल वाळूत राहिलेली, तरी धावलो. पहिल्या झाडांपाशी नव्हता. पुढच्या टेकाडापाशीही नव्हता. दोन तास हिंडलो, ऊन उतरलं, तेव्हा एका खुरट्या झुडपाखाली फाटका कागद आणि कामट्या मिळाल्या. दोरा शेवटच्या वितीपर्यंत गुंडाळून घेतला. परत आलो तर शोभनानं गाडीचे दिवे लावून ठेवले होते, मला वाट दिसावी म्हणून. अस्मिता बॉनेटवर बसून माझ्याच दिशेनं पाहत होती. दोघी माळ सोडून गेल्या नव्हत्या.

समोर तीनशे मीटरवर, पिकअप उभा राहायचा तिथे, रिकामी वाळू होती. आमचं उडवून झालं होतं. मी खिशातला रुमाल काढला आणि वर धरला. हात भरून आला, तरी बराच वेळ धरून उभा राहिलो. मग अस्मितानं येऊन माझा हात खाली घेतला.