लंकाबाईचा श्वास

मोनिकाला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती स्वतःच्या हातांची.

नगरच्या एका कॉलेजात ती पॅरामेडिकच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होती. सावेडीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. कॉलेजातल्या रबरी पुतळ्यावर तिच्याइतकं सफाईनं काम कुणाला जमत नसे. पण रुग्णवाहिकेवर नेमणूक झाली आणि पहिल्याच आठवड्यात, मोटारसायकलवरून पडलेल्या एका माणसासमोर तिचे हात थिजले. पट्टी हातात, जखम समोर, आणि बोटं काही केल्या हलेनात. गाडीवरच्या डॉक्टर जयामॅडमनी तिला खांद्यानं बाजूला सारून काम उरकलं. माणूस वाचला. मॅडम नंतर एका शब्दानंही बोलल्या नाहीत, तेच तिला जास्त लागलं. पारनेरकडं घरी फोन केला तेव्हा वडिलांनी विचारलं, "कसं काय चाललंय?" ती म्हणाली, "बरं चाललंय." शिक्षण सोडून गावातल्या डेअरीत काम बघावं, असं रोज मनात येई.

त्यानंतर बाराव्या दिवशी, सकाळी साडेनऊला, नेवाशाकडच्या एका दवाखान्यातून निरोप आला. ऊसतोडीला आलेली एक बाई नगरला हलवायची होती.

लंकाबाई तिचं नाव. वय पस्तिशीचं, गाव पाथर्डीकडचं. नवऱ्याबरोबर, कल्याणबरोबर, उसाच्या फडाशेजारी पाचटाची झोपडी, कोपी, टाकून राहिलेली. पहाटे पोटात कळ आली म्हणून उठली. पित्त झालं असेल असं वाटलं. मग पापण्या जड झाल्या, बोलणं बोबडं पडलं, थुंकी गिळता येईना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ओळखलं, मण्यार साप. भुईवर निजलेल्या माणसाला झोपेत चावते; दुखत नाही, खूणही सापडत नाही. विषावरचं औषध सुरू केलं होतं, पण विष आधीच अंगात भिनलं होतं.

रुग्णवाहिकेत घेताना लंकाबाईनं मोनिकाचं मनगट घट्ट धरलं होतं. पांढरीपुलाच्या अलीकडे ती पकड सुटली. मोनिकानं बघितलं, तर बाईची छाती जेमतेम हलत होती.

"मॅडम, श्वास जातोय."

"बिभीषण, गाडी बाजूला घे," जयामॅडमनी ड्रायव्हरला सांगितलं. उभ्या गाडीत त्यांनी लंकाबाईच्या श्वासनळीत नळी घातली आणि व्हेंटिलेटर जोडला. मशीन पाच-सात मिनिटं चाललं, मग शिट्टी वाजवत बंद पडलं. मॅडमनी दोनदा चालू करून बघितलं. मग हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, अंबू बॅग, नळीला जोडून मोनिकाच्या हातात दिली.

"नगरपर्यंत हिचा श्वास तुझ्या हातात. सहा सेकंदांना एक. भीतीनं माणूस भराभरा दाबतो, तसं करायचं नाही. तोंडानं मोज. आणि सांभाळून बोल. हिला हलता येत नाही, पण ऐकू येतंय. बीपी पडलंय, गुंगीचं औषध फार देता येणार नाही."

मोनिकानं पिशवी दाबली आणि मोठ्यानं मोजू लागली. छाती वर आली, खाली गेली. एक, दोन, तीन, चार, पाच, दाब. मिटल्या पापण्यांआड ही बाई पूर्ण जागी होती.

समोरच्या बाकड्यावर कल्याण गुडघे आवळून बसला होता. "ताई, गेली का हो ती?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही दादा. ऐकतायत त्या. बोला त्यांच्याशी."

तो पुढं वाकून म्हणाला, "बैलास्नी वैरन टाकलीय गं. शेजारच्या कोपीतली दगडाबाई बघतीय."

इमामपूरच्या घाटात गाडी थांबली. पुढं उसाची ट्रॉली कलंडून रस्ता अडला होता. भोंगा वाजत राहिला, पण समोरच्या ट्रकला हलायला जागा नव्हती. तेवढ्यात कुणीतरी मागचं दार बडवलं. "डॉक्टर हाय का आत? मानूस दबलाय ट्रॉलीखाली."

जयामॅडमनी लंकाबाईकडं बघितलं, मग मोनिकाकडं. "मी पाच मिनिटांत येते. काही वाटलं तर बिभीषणला पाठव." त्या उतरल्या.

दार लागलं. एक, दोन, तीन. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा सत्त्याण्णव होता. चार, पाच, दाब. मध्येच एकदा पिशवी जड लागली. पुढच्या वेळी आणखी जड. जणू भिंतीवर दाबतेय. छाती वर येईना. आकडा नव्वद झाला, मग चौऱ्याऐंशी. मॉनिटर टुंगटुंग वाजायला लागला.

"बिभीषणकाका, मॅडमना बोलवा. लवकर."

बिभीषण पळाला. पण ट्रॉली पार वळणापलीकडे होती, आणि आकडा त्र्याहत्तर. नळी सरकली असेल का? ओठाशी बांधलेली नळी आपल्या खुणेवरच होती. मग नळीच्या तोंडाशी तिला घुरघुर ऐकू आली. मण्यारीच्या रोग्याला गिळता येत नाही. लाळ आत उतरून घट्ट बसली होती. ती ओढून काढायला पिशवी सोडावी लागणार होती. तेवढा वेळ लंकाबाईला श्वासच नाही.

"दादा, दहापर्यंत मोजा. मोठ्यानं मोजा. दहा झाले की मला थांबवा."

"म्या?"

"मोजा."

तिनं पिशवी काढली. कल्याण मोठ्यानं मोजू लागला. तिनं लाळ ओढून घेणाऱ्या सक्शन यंत्राची बारीक नळी आत सरकवली. दोन. काहीच येईना. चार. आकडा चौसष्ट. बोटं थांबली नाहीत; तिनं नळी किंचित फिरवून आणखी आत सरकवली. सहाला घट्ट, रक्ताळलेली लाळ खळकन वर आली. "आठ. नऊ. ताई, दहा." तिनं पिशवी जोडली आणि दाबली. छाती वर आली.

आकडा मात्र लगेच चढला नाही. एकसष्टवर थांबला. किती वेळ, ते तिला नंतर नेमकं सांगता आलं नाही. मग अडुसष्ट, ऐंशी, त्र्याण्णव.

मॅडम धापा टाकत आल्या तेव्हा आकडा शहाण्णव होता. "काय झालं?"

"लाळ अडकली होती. काढली."

मॅडमनी छातीला स्टेथोस्कोप लावला. "दोन्हीकडं हवा जातेय. चालू ठेव. त्या माणसाचा पाय ट्रॉलीखालून सुटला, दुसरी गाडी येतेय त्याला." रस्ता मोकळा व्हायला आणखी अर्धा तास गेला.

नगरला लंकाबाईला अतिदक्षता विभागात नेलं.

खरी भीती त्यानंतर सुरू झाली. एकसष्टचा आकडा तिनं मॅडमना सांगितला नव्हता. ऑक्सिजनवाचून मेंदूला काय होतं, हे तिनं परीक्षेत दोन पानं लिहिलं होतं. ती रोज वॉर्डात जायची. कल्याण दाराशी बसलेला असायचा. "डोळं न्हाई उघडलं अजून," एवढंच सांगायचा. तिसऱ्या दिवशी तिनं जयामॅडमना सगळं सांगितलं.

"किती वेळ होता खाली?"

"मिनिटभर असेल. जास्तही असेल."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "तेव्हाच सांगायला हवं होतंस. बाकी तू केलंस ते बरोबर केलंस. पण तिनं डोळे उघडल्याशिवाय मीही तुला काही सांगू शकत नाही."

चौथा दिवस गेला. पाचव्या दिवशी पापणी किंचित हलली. सातव्या दिवशी नळी निघाली.

आठव्या दिवशी मोनिका खाटेजवळ गेली, तेव्हा कल्याण बायकोला चमच्यानं पेज भरवत होता. "ही ती ताई," तो म्हणाला.

लंकाबाईनं तिच्याकडं बघितलं. आवाज पार बसलेला होता. "पोरी, तू मोजीत हुतीस ना?"

"हो."

"मला वाटलं, मला मेली समजून जित्तीच जाळत्याल. मंग तुजं मोजनं यायचं. मंदी तू गप झालीस, अन् ह्यांचा आवाज आला. दहापतोर." तिनं दम घेतला. "तवा लई भ्याले मी."

"मीपण," मोनिका म्हणाली.

लंकाबाईनं मान हलवली आणि पेजेसाठी तोंड उघडलं.