अक्काने धुतलेली डबी

जुलाबांनी माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, पार चोथा झाला होता; तिला दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, "हे औषध लागू पडत नाही. कुठलं पडेल ते जंतू वाढवून, त्यांच्यावर औषधं घालून बघितल्याशिवाय कळायचं नाही." औषध सुरू होण्याआधीच तिच्या शौचाचा नमुना लॅबमध्ये गेला होता. मी चौकशीला गेलो.

लॅबवाल्या बाई काचेवर रंग ओतत होत्या. आधी जांभळा, मग आयोडीन, मग स्पिरिटने धुवून लाल. मी दारातच घुटमळलो.

"या काका, बघा. चावत नाहीत."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मला नीट दिसलं की नाही कोण जाणे. लालसर, वाकडं, स्वल्पविरामांसारखं पुष्कळ काही होतं.

"म्हणजे चोर सापडला?"

"सापडला, पण मेलेला. रंग मेलेल्यालाही चढतो. जंतू वाढवायच्या बशीत काहीच उगवलं नाही, आपल्या पोटात नेहमी असतात ते जंतूसुद्धा. डबीला फिनेलचा वास होता. कुणी धुतली का?"

कुणी, हे मला विचारावं लागलं नाही.

"मग तशीच देऊ?" अक्का कण्हत म्हणाली. "परक्या माणसांच्या हातात जाणार ती!"

"नवीकोरी होती, अक्का."

"नवी म्हणजे स्वच्छ का? एवढी पुस्तकं वाचलीस, एवढं कळेना?"

दुसरी डबी पुढे केली तशी तिने तोंड फिरवलं. "धाकटा भाऊ तू, आणि हे मागायला येतोस? लाज नाही वाटत?"

वाटत होती. मी डबी उशाशी ठेवली, नर्सबाईंना सांगितलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

लॅबवाल्या बाईंनी नवी डबी हुंगली. "आता ठीक. पण मधल्या काळात औषध पोटात गेलंय. उगवतील न उगवतील. उगवले तरी दोन-तीन दिवस लागणार."

त्यांनी पुन्हा काच रंगवली. पुन्हा तेच स्वल्पविराम.

"हे जिवंत आहेत का हो?"

"रंगावरून नाही कळत, काका."

डॉक्टरांनी तोवर अंदाजाने दुसरं औषध सुरू केलं. अंदाजाने, हा शब्द मी अक्कापर्यंत नेला नाही.

"दिसलं का रे काही?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"दिसलं."

"मग सांग ना त्यांना, द्या म्हणावं त्यावरचं औषध. कशाची वाट बघताय?"

मी तिचे पाय दाबू लागलो. गार पडले होते. किती जोरात दाबावं, तेही मला कळेना.