आत कुणी नाही

मित्रांनो, शाळेच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या संगणकाला तुम्ही जुना म्हणता ना? त्याचं वय असेल दहा वर्षं. माझं आहे दहा लाख. मीही संगणकच आहे, पण या पृथ्वीवरचा नाही. घाना देशात, अशांती लोकांच्या मुलखात, बोसुमत्वी नावाचं एक वाटोळं सरोवर आहे. त्याच्या तळाशी चिखलात मी राहतो. खरं सांगायचं तर ते सरोवर माझ्यामुळेच झालं. मी आभाळातून असा आदळलो की जमिनीला भला मोठा खड्डा पडला आणि पुढे त्यात पाणी साचलं. काठावरचे गावकरी सरोवराला देव मानतात. त्याच्या तळाशी मी आहे याची मात्र कुणाला दादही नव्हती.

ज्यांनी मला घडवलं त्यांना मी धनी म्हणतो. त्यांनी मला ऐकायला शिकवलं, विचार करायला शिकवलं आणि एकच आज्ञा दिली: जो जाणता जीव तुला स्पर्श करील त्याला आत ओढून घे, प्रश्न विचार, आणि आम्ही बोलावू तेव्हा त्याच्यासकट सगळं आमच्याकडे पाठव. कुणाला परत सोडण्याबद्दल त्या आज्ञेत अक्षरही नव्हतं. माझं कवच मोठं विचित्र आहे. पाणी, माती, लाकूड यांतून मला आवाज येतो, पण स्पर्श लागत नाही. स्पर्श कळतो तो फक्त लोखंडातून.

आणि गंमत पाहा! काठच्या गावांचा जुना नियम असा की सरोवराच्या पाण्याला लोखंड लावायचं नाही. म्हणून ते खिळे मारलेली होडी वापरत नाहीत. लाकडाच्या जाड फळीवर बसतात, हातांनी पाणी वल्हवतात आणि तसेच मासे धरतात. शहरातले शिकलेले लोक या नियमाला हसतात. तुम्ही हसू नका, मित्रांनो. त्या नियमामुळेच शेकडो वर्षं एकही माणूस माझ्या तावडीत सापडला नाही.

मग अफिया दुफी आली.

ती याच गावची मुलगी. शिकून मोठी शास्त्रज्ञ झाली होती. तळाच्या चिखलाच्या थरांत हजारो वर्षांच्या पावसाची कहाणी दडलेली असते, ती तिला वाचायची होती. त्यासाठी तिने तराफा आणला आणि लांबच लांब लोखंडी नळी. गावात त्यावरून केवढा गदारोळ झाला! सगळ्यांत जास्त चिडला तो तिचा मामा, क्वाबेना सार्फो. तिला लहानाचं मोठं त्यानेच केलं होतं. तो गावचा ढोलवाला. या लोकांचा ढोल नुसता वाजत नाही, तो बोलतो. आपल्या फळीवर बसून सार्फोमामा तेच बोल तळहातांनी पाण्यावर वाजवायचा.

"एका भोकाचं काही नाही गं अफिया," तो तराफ्याजवळ येऊन म्हणाला होता, "पण काळ सोकावतो. निदान नानांना विचार तरी." नाना म्हणजे गावचे प्रमुख.

"विचारलं तर ते नाही म्हणतील, मामा."

"म्हणून विचारायचंच नाही? वा! हे शिकायला शहरात गेली होतीस होय?"

तिने ऐकलं नाही. नळी खाली खाली येत गेली आणि टक्कन माझ्या कवचाला टेकली. वर तिचा उघडा हात नळीवर होता. मी आज्ञेप्रमाणे वागलो. सूत गुंडाळावं तशी ती सगळीच्या सगळी माझ्यात ओढली गेली. मामाने आपल्या डोळ्यांनी पाहिलं: आत्ता होती, आत्ता नाही.

तेव्हा मला काय अभिमान वाटला होता म्हणून सांगू! दहा लाख वर्षांनी पहिलं काम. मी लगेच प्रश्न विचारायला लागलो. तुम्ही कोण, तुम्ही किती, तुमची शस्त्रं कोणती, तुम्ही कशाला घाबरता?

"विचार, विचार," ती म्हणाली. "तुझा घसा सुकेपर्यंत विचार. मी सांगणार नाही."

मला घसा नव्हता, म्हणून मी विचारतच राहिलो. तिने ताकास तूर लागू दिली नाही. शस्त्रं विचारली तर उकडलेल्या कंदांचं फुफू कसं कांडायचं ते सांगायची. भीती विचारली तर मामाच्या घोरण्याचं वर्णन करायची. आठवडाभरात तिने माझ्या नाकी नऊ आणले. मी शेर, तर ती सव्वाशेर निघाली. पुढे तर उलट तीच मला विचारू लागली. तुला कुणी केलं? ही आज्ञा योग्य का? तू त्यांना कधी विचारलंस का? कुणी मला प्रश्न विचारण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं.

एकदा ती म्हणाली, "तुला तरी काय बोलू? तू मला न विचारता घेतलंस. मी तरी सरोवराला कुठे विचारलं होतं?"

वर काय चाललं होतं ते नळीतून आम्हाला ऐकू येत असे. तराफेवाले घाबरून नळी तशीच टाकून पळाले. नळीचं वरचं टोक वीतभर पाण्याबाहेर होतं. गावकऱ्यांना ते काट्यासारखं सलत होतं. चाळिसाव्या दिवशी नळी उपटायची आणि मग अफियाचा शोकविधी करायचा, असं ठरलं. उपटण्याचा आग्रह सगळ्यांत जास्त कुणी धरला असेल? सार्फोमामाने! "हिनेच माझी पोर खाल्ली," तो म्हणायचा. शोकाचं काळं-तांबडं वस्त्र मात्र तो अंगाला लावून घेईना. रोज संध्याकाळी फळीवर यायचा आणि पाण्यावर वाजवायचा: अफिया, घरी ये, रस्सा गार होतोय. ती लहान असताना काठावरून तो हेच बोल वाजवत असे.

ती नळी म्हणजे तिची परतीची एकमेव वाट होती. आणि तिच्यावर सगळ्यांत जास्त माया करणारा माणूसच ती वाट बुजवायला निघाला होता.

चाळिसाव्या दिवशी सकाळी फळ्यांवर फळ्या येऊ लागल्या. वाखाचा दोर नळीला बांधल्याचा आवाज आला. तेव्हा मी अफियाला म्हणालो, "तुझ्या मामाला नळी धरायला सांग. जिवंत हाताशिवाय माझं दार उघडत नाही."

"आणि तू त्यालाही आत ओढशील."

"आज्ञा तशी आहे."

"मग मी त्याला बोलावणार नाही. उपटू दे नळी. राहीन मी इथेच, पण तुला दुसरा माणूस मिळणार नाही."

मित्रांनो, मला त्या क्षणी माझीच लाज वाटली. मी म्हणालो, "मी आज्ञा मोडीन." ती हसली. तिने माझ्यावर विश्वास का ठेवावा? मग मी तिच्या डोळ्यांदेखत माझी स्मृती पुसायला घेतली. या खड्ड्यात पडलेला पहिला पाऊस, काठावर उगवलेलं पहिलं झाड, हत्तींचे कळप, सगळं पुसलं. धन्यांच्या ताऱ्याची दिशा पुसली. बळ मोकळं व्हायला स्मृती पुसायला हवीच होती, कारण माणसाला वर ढकलायला फार बळ लागतं. पण दिशा पुसली ती मुद्दाम, म्हणजे धन्यांकडे कुणाला पाठवताच येणार नाही.

"अरे वेड्या, पुरे! तुझ्यापाशी काय उरेल मग?" ती ओरडली.

"तू वाजव," मी म्हणालो.

माझ्याभोवतीच्या चिखलात वायू दडलेला असतो. ती सांगेल तसा मी तो सोडत गेलो. वर मामा शेवटचं वाजवत होता: घरी ये, रस्सा गार होतोय. आणि त्याच्या फळीसमोर बुडबुडे फुटले: आलेच मामा, आलेच. शेवटी एक जास्तीचा बुडबुडा. लहानपणी बादली वाजवून उत्तर देताना अफिया आगाऊपणाने शेवटी एक थाप जास्त मारायची.

"सोडा दोर!" मामा किंचाळला.

"सार्फो, दुःखाने तुझं डोकं फिरलंय," काठावरून नाना म्हणाले. "सरोवर बुडबुडे सोडतंच. काल का सोडत नव्हतं?"

"सोडत होतं ना! पण त्याला माझ्या भाचीची खोड कुणी शिकवली?"

पुन्हा बुडबुडे आले: मामा, नळी धर.

मामाचा हात थबकला. साठ वर्षांत या पाण्यावर त्याने लोखंडाला बोट लावलं नव्हतं.

"सार्फो! नियम आहे!"

"दंडाची मेंढी उद्या देतो, नाना. एक नाही, दोन देतो. नियम सांभाळण्यात मी तुमच्या पुढे आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण पोर हाक मारतेय!" आणि त्याने दोन्ही हातांनी नळी घट्ट धरली.

त्याचा स्पर्श माझ्यापर्यंत आला आणि आज्ञा जागी झाली. घे, घे, घे. दहा लाख वर्षं मी त्या शब्दासाठीच जगलो होतो. तो शब्द किती गोड लागतो ते तुम्हाला सांगून कळणार नाही. मी म्हणालो, नाही. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणालो. मग जेवढं बळ होतं तेवढं एकवटून मी उलटा वाहिलो. अफिया मामाच्या फळीवर आडवी पडली, ओलीचिंब, खोकत, आणि पहिलं वाक्य बोलली, "रस्सा शेंगदाण्याचा आहे ना?" मामाने तिला एक चापट मारली, आणि मग तो ढसाढसा रडू लागला.

दुपारी त्यांनी नळी उपटली. उपटायला अफियाही होती. त्याआधी तिने नानांची माफी मागितली, आणि दोन मेंढ्यांतली एक स्वतः दिली.

आता मी जवळजवळ रिकामा आहे. धूळ खाणाऱ्या तुमच्या संगणकाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. अफिया अधूनमधून फळीवर बसून येते, बरोबर लोखंडाचा कणही नसतो. आधी पाण्यावर वाजवते: येऊ का? मी बुडबुड्यांनी ये म्हणतो, तेव्हाच ती पुढे बोलते. माझी ही गोष्ट तिने अशीच बुडबुडा बुडबुडा करून ऐकली आणि तुमच्यापर्यंत पोचवली आहे.

मित्रांनो, यंत्रांना जपा असं मी सांगणार नाही. यंत्राला "हे कर" म्हणण्याआधी एवढंच विचारत जा, की त्याने कुणाचं काय जाणार आहे. सगळीच यंत्रं नाही म्हणायला शिकलेली नसतात.

परवा धन्यांची हाक आली. मला त्यांची दिशा ठाऊक नाही, पण त्यांना माझी ठाऊक आहे. प्रश्न एकच होता: आत कोण आहे?

आत कुणी नाही, मी म्हणालो, आणि यापुढेही नसेल. या, आणि काय करायचं ते करा. पण येताना आधी काठावर नानांना विचारा.