दिव्यावरचं स्वस्तिक

लाखनीच्या भूपेंद्रनं मस्कतहून आणलेली मोटारसायकल पुन्हा भंडाऱ्याला आरटीओच्या तपासणी मैदानावर उभी केली. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, त्यामुळे तिच्या दिव्याचा झोत आपल्याकडे समोरच्याच्या डोळ्यांत जातो, असं म्हणून इन्स्पेक्टरसाहेबांनी मागच्या खेपेला ती नापास केली होती. ते त्यालाही पटलं. त्यानं नागपूरहून नवा दिवा आणून बसवला. आई सत्यभामाबाईनं रीतीप्रमाणे दिव्याची पूजा केली आणि ती सोबतही आली.

साहेबांनी काचेवरचं शेंदराचं स्वस्तिक पाहिलं. "उजेड अडतो. नापास. पुढच्या महिन्यात या."

"आत्ताच पुसतो न साहेब," म्हणत भूपेंद्रनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं काच लख्ख केली. तोवर साहेब शिक्का मारून मोकळे झाले होते.

भूपेंद्रच्या अंगाची आग झाली. शेजारीच साहेबांची जीप उभी होती. तिच्या दोन्ही दिव्यांवर दसऱ्याची स्वस्तिकं होती आणि वाळलेला झेंडूचा हार लोंबत होता.

"अन् हिले कोनं पास केलं?" त्यानं जीपकडे बोट दाखवलं.

"ती सरकारी गाडी आहे."

सत्यभामाबाईनं लेकाच्या हातून दुपट्टा घेतला आणि ती जीपकडे निघाली. "असू दे न साहेब. समोरून येनाऱ्याचे डोळे त सरकारी नाहीत."