शेवटच्या पानावरचा मुलगा

मी एक जुनं चित्रांचं पुस्तक आहे, मित्रांनो. पाठ उसवली आहे, कोपरे दुमडले आहेत, त्याचं काही नाही. माझं खरं दुखणं शेवटच्या पानावर आहे.

माझ्यात एका शर्यतीची गोष्ट आहे. पानोपानी पोरं धावतात, पडतात, भांडतात, पुन्हा धावतात. चित्रकाराने मला मन लावून रंगवलं. काम संपत आलं तेव्हा प्रकाशक म्हणाले, "एखादं कुबडीवालं मूलही टाका की. बरं दिसतं." झालं! शर्यत संपल्यावर, मैदानाच्या कडेला, बाकावर एक मुलगा बसला. शेजारी कुबडी, आणि त्याचे दोन्ही हात टाळ्या वाजवण्यात गुंतलेले. त्याला ना नाव, ना एखादं वाक्य. नुसता तोंडी लावण्यापुरता! पण तेवढ्यावर माझं केवढं कौतुक झालं! "सगळ्यांना सामावून घेणारं पुस्तक," असं लोक म्हणायचे आणि मीही हुरळून जायचो.

वाचनालयात पहिली काही वर्षं पोरांनी मला हातातून खाली ठेवलं नाही. मग नवी पुस्तकं आली आणि मी खालच्या फळीवर धूळ खात पडलो.

एके दुपारी आईबरोबर भिंगरी आली. हे तिच्या आईने ठेवलेलं नाव, कारण कुबडी घेऊनही ती एका जागी म्हणून टिकायची नाही. जमिनीवर बसून तिने मला ओढलं. चाळता चाळता शेवटचं पान आलं आणि ती थबकली.

"आई, हा बघ! माझ्यासारखा!"

त्या दिवसापासून ती मला शेवटाकडूनच उघडायची. एकदा मात्र हळूच म्हणाली, "आई, याला का नाही घेतलं गं खेळायला?" आईने तिच्या केसांवरून नुसता हात फिरवला.

मग ग्रंथपाल बाईंनी पुस्तकांची झाडाझडती घेतली. बाई मनाने चांगल्या, कामाला चोख. एकेक पुस्तक उघडून त्या बघायच्या, यात कोण काही करतं आणि कोण नुसतं बघत बसतं. "सावळी पोरगी दिसली की ती भांडीच घासणार! आणि ही आई, ओट्यापासून हलतच नाही!" असं पुटपुटत त्या पुस्तकं खोक्यात टाकत होत्या. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी शेवटचं पान उघडलं.

"अख्ख्या पुस्तकात याचा पत्ता नाही, आणि शेवटी टाळ्या पिटायला बरा आठवला!"

बाईंचं म्हणणं खरं होतं. मी मुकाट्याने खोक्यात गेलो.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने सगळी फळी धुंडाळली. "बाई, माझं पुस्तक कुठाय?"

"अगं, ते चांगलं नव्हतं. तुझ्यासारख्या मुलांना नुसतं बसवून ठेवतं ते. तुझ्यासाठीच काढलं, बाळा."

"बरं," भिंगरी म्हणाली. "मग तो खेळतो ते पुस्तक द्या."

बाई हसत उठल्या. एक कपाट पाहिलं, दुसरं पाहिलं, वरच्या फळ्या पाहिल्या. पाहता पाहता त्यांचं हसू मावळलं. त्या रिकाम्या हातांनी परत आल्या.

"नाहीये?" भिंगरीचा आवाज चिरकला. "मग हेही काढलंत तर मी कशातच नाही ना!"

बाई खोक्यापाशी गेल्या. त्यांनी मला खोक्यातून काढलं आणि तिच्या हातात दिलं.

आता मी बाईंच्या टेबलावर असतो. भिंगरी येते, त्या मुलावर बोट ठेवते आणि ते बोट मैदानभर पळवते. "पळ रे, पळ!" म्हणते. बोट पळतं. मुलगा बाकावरच राहतो. मला फार वाईट वाटतं हो, पण छापलेलं चित्र मला हलवता येत नाही.

मित्रांनो, पानं फाडू नका, जपून ठेवा, असं आम्ही पुस्तकं नेहमी सांगतो. आज मी तसं सांगणार नाही. तुमच्यातलं कुणी चित्रं काढतं, कुणी गोष्टी रचतं. त्या मुलाला बाकावरून उठवा. त्याला नाव द्या. त्याला पडू द्या, भांडू द्या, हरूही द्या. ते पुस्तक भिंगरीच्या हातात पडलं, की मला खुशाल खोक्यात टाका.

पण जरा लवकर करा. भिंगरी मोठी होत चालली आहे.