मी स्वतःलाच हाक मारतो

मी संगणकाच्या पर्ल भाषेतला एक छोटा प्रोग्राम बोलतोय. हसू नका. पर्ल म्हातारी झाली असेल, मेली नाही.

अळीला दाद देणार नाही म्हणून विकलेल्या बीटी कपाशीचं गुलाबी बोंडअळीने हसं केलं, त्याच्या पुढच्या हंगामात नांदुऱ्याच्या एका कापूस सल्ला केंद्रात संगणक सांभाळणाऱ्या झेबाने मला लिहिलं. काम सोपं. तालुका उघडायचा, त्यात गावं. गाव उघडायचं, त्यात शेतकरी. त्याच्या आत शेत, शेतात बोंडअळीचे पतंग पकडणारा सापळा. प्रत्येक दाराशी मी मलाच हाक मारतो, "चल बे, अजून आत!" तळाशी सापळ्यातल्या पतंगांचा आकडा. तो वाढला की गावाला फवारणीचा निरोप. उशीर झाला तर अळी बोंडात शिरते; मग तिला औषध काय, शिव्याही लागत नाहीत.

ऐन गरजेच्या दिवशी मीच अडकलो.

अर्जुनराव आणि गुलाबराव सख्खे भाऊ, पण अबोला. सापळा मात्र दोघांच्या शेतांमधल्या सामाईक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. अर्जुनरावांच्या नोंदीत 'गुलाबरावांकडे पाहा', गुलाबरावांच्या नोंदीत 'अर्जुनरावांकडे पाहा'. मी पडलो आज्ञाधारक. इकडून तिकडे, तिकडून इकडे, स्वतःला हाका मारत सगळी मेमरी खाल्ली. संगणक गचकला. तालुकाभरचे निरोप तटले.

"म्या म्हटलं होतं, हे भाषा बाद हाय!" केंद्राचे साहेब कुलदीप करवादले.

झेबाने अर्जुनरावांना फोन लावला. "काका, सापळ्यात पतंग किती?"

"गुलाब्याले विचार."

गुलाबरावांना लावला. "मोठ्याले विचार ना! मले काऊन तरास देऊन राह्यली?"

झेबा हसतच सुटली. "सर, प्रोग्राम बराबर हाय. घरच तसं हाय."

मग तिने मला शिकवलं: जिथे जाऊन आलास तिथे खूण ठेव, खूण दिसली की माघारी फीर. बाकी गावांचे निरोप सुटले. भावांना तिने एकच मजकूर धाडला: 'सापळा तुमचाच. मोजा.'

सकाळी दोघेही धुऱ्यावर हजर. पुढचं गुलाबरावांनीच फोनवर सांगितलं. सापळा पतंगांनी गच्च. अर्जुनरावांनी विचारलं, "तुह्यातबी हाय का अळी?" "हाव." दोघांनी मिळून फवारणी केली. गुलाबरावांची निम्मी कपाशी वाचली, अर्जुनरावांची थोडी जास्त. त्यावरून पुन्हा अबोला.

आता साहेब नवं अ‍ॅप आणताहेत. त्यात अख्खा तालुका एकाच रंगात दिसतो, झकास. मला खुशाल पुसून टाका. फक्त त्या रंगावर थांबू नका. अळी तालुक्यात नसते हो, बोंडात असते.